गाडीची हुडहुडी आणि ईजीआर व्हॉल्व्ह

इंदूरमध्ये पलासियाच्या सिग्नलला गाडी थांबली की स्टिअरिंग हाताखाली थरथरायला लागायचं. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा काटा आठशेवर ठरायचाच नाही, सातशे ते हजार असा झुलायचा. मागे बसलेली आई म्हणायची, "अगं, हिला हुडहुडी भरलीय." सिग्नल सुटून गाडी पळायला लागली की सगळं ठीक. म्हणून मीही दोन महिने चालढकल केली. मग एकदा ऐन गर्दीत इंजिन बंद पडलं आणि त्याच संध्याकाळी गॅरेज गाठलं.

एका ठिकाणी न उघडताच "इंजेक्टर गेले" म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावला, कोड निघाला पी0402, म्हणजे ईजीआर व्हॉल्व्हमधून (धूर परत इंजिनात सोडणारी झडप) गरजेपेक्षा जास्त धूर आत येतोय. तिथे उपाय सुचवला तो असा: पत्रा टाकून व्हॉल्व्ह कायमचा बंद करा, झंझटच नको. हे मला अजिबात पटलं नाही. ही झडप सायलेन्सरकडे निघालेल्या धुराचा काही भाग परत इंजिनात सोडते. त्यामुळे आतलं जळण जरा थंड राहतं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी तयार होतात. पत्रा टाकला की तेच विष रस्त्यावर. 2017 साली आपलं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं तेव्हा केवढा आनंद झाला होता! कचरा ओला-सुका वेगळा करायचा आणि धूर मात्र शेजाऱ्याच्या नाकात सोडायचा, हे मला जमणार नाही.

माझे मामा पीथमपूरच्या कारखान्यात फिटर होते. फोनवर सगळं ऐकून म्हणाले, "रविवारी सकाळी येतो. इंजिन थंड ठेव आणि कार्ब क्लीनरचा, काजळी काढायच्या स्प्रेचा डबा आणून ठेव."

सुदामा नगरच्या आमच्या अंगणात, उघड्यावरच काम मांडलं, कारण तो स्प्रे पटकन पेट घेतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हवेचा पाइप सोडवण्याआधी मी मोबाइलवर फोटो काढले. मामांनी पुठ्ठ्यावर व्हॉल्व्हचा आकार काढला आणि निघेल तो बोल्ट त्याच जागी टोचून ठेवला. चारांतला एक लांब होता, तो कुठला हे नंतर शोधायला नको. इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं.

व्हॉल्व्ह हातात आला आणि मी बघतच राहिले. रुपयाच्या नाण्याएवढ्या तोंडात जेमतेम करंगळी जाईल एवढी वाट उरलेली. बाकी सगळा काळा, चिकट थर. बोटाला डांबरासारखा लागायचा, पण चोळलं की आत वाळूसारखी कचकच. डिझेलची काजळी आणि इंजिनातून येणारी तेलाची वाफ मिळून हे घट्ट होतं. माझं रोजचं जाणं-येणं सहा किलोमीटरचं, तेही तिसऱ्या गिअरच्या वर नाही. एवढ्यात इंजिन नीट तापतच नाही, मग काजळी साचणारच. त्यामुळे झडप अर्धवट उघडीच अडकलेली. गाडी उभी असताना इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं, त्यात धूर जास्त झाला की ते गुदमरतं.

मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला तसे मामा ओरडले, "खरवडू नकोस! बैठकीवर ओरखडा पडला तर झडप कधीच नीट बसणार नाही." तोंड खाली, मोटरची बाजू वर असा व्हॉल्व्ह धरला, म्हणजे क्लीनर मोटरमध्ये उतरत नाही. स्प्रे मारायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, जुन्या टूथब्रशने हलकेच घासायचं. तिसऱ्या खेपेला काळं पाणी गळायचं थांबलं आणि धातूचा रंग दिसला. या कामात खरा वेळ थांबण्यातच जातो, आणि गॅरेजमध्ये नेमका तोच कोणाकडे नसतो.

चूक झाली ती गॅसकेटची, म्हणजे सांध्यातून हवा गळू नये म्हणून मध्ये बसवतात त्या पातळ चकतीची. जुनंच बरं दिसलं म्हणून परत लावलं. गाडी सुरू झाली, उरलेलं क्लीनर जळून थोडा धूर आला, तो दोन मिनिटांत गेला. पण बॉनेटखालून बारीक शिट्टी ऐकू येत राहिली. सोमवारी नवं गॅसकेट आणलं, परत सगळं खोललं, बोल्ट तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळले. शिट्टी गेली. सगळा खर्च साडेसातशे रुपये.

स्कॅनरने कोड पुसून घेतला, तो अजून परत आलेला नाही. काटा आठशेवर स्थिर आहे आणि पिकअपही सुधारला. मायलेजमध्ये मात्र काही फरक जाणवला नाही. आता दर रविवारी आईला घेऊन सिमरोलच्या रस्त्याने तासभर गाडी मोकळी पळवून आणते. पुठ्ठा जपून ठेवलाय. वर्षभराने परत खोलून बघणार आहे.