दारू नव्हे, लिथियम

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी डाइंगची शिफ्ट बघतो. हेल्पर, बॉयलरवाला, लोडिंगची पोरं असली तरी शेडची सॅम्पलं मी स्वतःच मारतो. रंगाचं द्रावण पिपेटनं मोजून बीकरमध्ये सोडायचं. शेड फिकट असली, तर मोजताना जरा चूक झाली तरी ती टॉवेलवर दिसते आणि लॉट परत येतो.

मे महिना होता, पारा ४३ च्या आसपास. फिकट गुलाबीचं सॅम्पल चाललं होतं आणि माझ्या हातातल्या पिपेटचं टोक बीकरच्या काठावर टकटक वाजत होतं. मॅनेजर साहेब दारातच थांबले.

"काय बे, सकाळी सकाळी लावून आलास का?"

हसत म्हणाले, पण वास घ्यायला जवळही आले.

हात थोडा थरथरणं मला नवीन नाही. लिथियम हे मनाच्या आजारावरचं औषध, ते घेणाऱ्या बऱ्याच जणांना तो त्रास असतो. त्या दिवशी मात्र चहाचा कपसुद्धा धरवेना. लग्नाचं जेवण बाधून आदल्या दिवशी जुलाब झाले होते, त्यात डाइंगची वाफ. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकायचं कमी करतात आणि रक्तातली पातळी चढते. माझ्या डॉक्टरांच्या हिशेबात ०.६ ते १.० ठीक, दीडच्या पुढे विष. हात जोरात थरथरला, उलट्या-जुलाब झाले, चालताना झोक गेला, तर गोळी थांबवून तडक या, असं त्यांनी लिहून दिलेला कागद माझ्या पाकिटात असतो.

म्हणजे निघायला तर हवंच होतं. "हो साहेब, रात्री जरा जास्त झाली," एवढं म्हटलं असतं तरी सुट्टी मिळाली असती. आमच्याकडे दारूला माफी आहे. पिणाऱ्याला लोक शिव्या देतात, पण पंढरपूरला जाऊन माळ घाल, सुटेल, असंही मायेनं सांगतात. एकदा का 'मेंटल' म्हणून नाव पडलं, की त्याला कुठली माळ चालत नाही. खोटं बोलायचा मोह झाला, हे नाकारत नाही. पण दारुड्याच्या हातात कोण किती दिवस पिपेट ठेवील? शिवाय पुढच्या आठवड्यात मला नाइट लागली होती, आणि नाइट मला चालत नाही. आधीच्या कारखान्यात सलग नाइट केल्या, तेव्हा झोप उडाली ती उडालीच. घरी कॅलेंडरच्या पाठीवर रात्र रात्र रंगांच्या रेसिपी लिहीत बसायचो. बायकोनं तीच पानं डॉक्टरांपुढे ठेवली.

"साहेब, दारू नाही. औषध आहे. लिथियम."

"कशाचं?"

इथं थांबता आलं असतं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा. त्यातल्या कलम २३ प्रमाणे माझ्या आजाराची माहिती डॉक्टरांनी गुप्त ठेवायची असते, मालकानं फोन केला तरी. म्हणजे सांगायचं की नाही, हे माझ्याच हातात. पण कारण न सांगता नाइट नको म्हणणारा माणूस आमच्या धंद्यात कामचुकार ठरतो.

"बायपोलर म्हणतात. डोक्याचा आजार आहे, गोळ्यांवर नीट चालतो. नाइट नको, तीन महिन्यांनी रक्त तपासायला अर्धा दिवस, आणि उन्हाळ्यात मध्ये मध्ये पाणी प्यायला मशीन सोडू द्या. बाकी काही नको."

साहेबांनी एकदा बाहेरच्या मशीनकडे बघितलं. "मशीनवर काही होणार नाही ना बे?"

"मागच्या दोन वर्षांत झालं का?"

"नाही." मग स्वतःच ड्रायव्हरला हाक मारली.

पातळी १.४ निघाली. सलाइन लागलं, गोळी थांबवली, दोन दिवसांनी घरी. मीठ एकदम कमी-जास्त करू नका आणि अंगदुखीला मेडिकलमधून परस्पर गोळी घेऊ नका, असं डॉक्टरांनी पुन्हा बजावलं. ब्रुफेनसारख्या गोळ्यांनीही पातळी चढते.

परत आलो तर नाइट निघाली होती. डाइंगच्या दारात पाण्याचा जार आला होता, आणि तो आता सगळेच रिकामा करतात. मालकांच्या कानावर घालण्याआधी साहेबांनी मला विचारलं, हे मी विसरणार नाही. मिळालं ते साहेबांच्या भलेपणामुळे. सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये मानसिक आजार असलेल्यांच्या बाजूनं मोठा निकाल दिला, पण एमआयडीसीत तो कोण वाचतो?

एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही. केमिकल स्टोअरची किल्ली माझ्याकडे असायची. कॉस्टिक, अॅसिड, हायड्रो, सगळं तिथं. आलो त्या दिवशी ती हेल्परच्या कंबरेला होती. "अण्णा, साहेबांनी दिली," तो बिचारा खाली बघून म्हणाला. मी जिवाचं बरंवाईट करून घेईन, ही त्यांना भीती. भीती खोटी म्हणणार नाही, पण मला विचारलं असतं तर डॉक्टरांचं पत्र आणून दिलं असतं. आता कॉस्टिकचा डबा काढायचा तरी माझ्याच हेल्परला आवाज द्यावा लागतो आणि लोडिंगची पोरं बघतात.

पत्र आता आणलंय. किल्ली परत द्या, असा अर्ज लेखी दिलाय आणि पोच घेतलीय. साहेब म्हणाले, दिवाळीनंतर बघू.