शिक्क्यातले साल

जुन्या पेटीतली टपाल तिकिटे परवा दुपारी वर्तमानपत्रावर पसरली आणि उरलेला वेळ चित्रांऐवजी शिक्केच वाचण्यात गेला. जाणते संग्राहक कोऱ्या तिकिटासाठी धडपडतात. मला मात्र शिक्का न बसलेले तिकीट अपुरेच वाटते.

शिक्क्यात तारीख आणली ती लंडनच्या हेन्री बिशपने, १६६१ साली, वाटेत कोणी पत्र अडवून ठेवू नये म्हणून. त्यात दिवस आणि महिना होता, पण साल नव्हते. म्हणजे पत्र नेमके वर्षभर दडवणारा सहीसलामत सुटला असता. हंगेरीच्या जुन्या शिक्क्यांवर साल असते, तेही सर्वांत आधी, परंतु हजाराचा एक गाळून: १९११ ऐवजी नुसते ९११. इसवी सन ९११ मध्ये आपल्याकडे स्वतःला लत्तलूरचे अधीश्वर म्हणवणारे राष्ट्रकूट राज्य करीत होते आणि त्यांच्या कोणत्याही ताम्रपटात टपालपेटीचा उल्लेख नाही. मुसोलिनीच्या काळातील इटालियन शिक्क्यांवर तर इसवी सनाशेजारी १९२२ पासून मोजलेले राजवटीचे वर्षही रोमन आकड्यांत दिसते. काळ आपल्यापासूनच सुरू झाला, असे वाटणाऱ्यांना शिक्का हे सोयीचे साधन असावे.

अर्थात परक्यांना हसण्याचे आपल्याला कारण नाही. निजामाच्या राज्याचे टपाल स्वतंत्र होते. १९३१ च्या मालिकेत आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठा आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबाद आहे. त्या टपालाच्या उर्दू शिक्क्यांवर फसली साल, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबासाठीची कालगणना, भेटते. हे साल ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होई, मग दै, मग बहमन. इसवी सन काढायचे तर महिना पाहून ५९० किंवा ५९१ मिळवायचे. आमचे आजोबा हा हिशेब ओसरीवर सुपारी कातरता कातरता तोंडी करीत, आणि आम्ही मुले मुद्दाम अवघड आकडे देऊन त्यांची परीक्षा पाहत असू. त्यांना तो छंद म्हणून येत नव्हता. शेतसारा फसलीत, पहाणी फसलीत, खुद्द जमीन महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा. जमीन सांभाळायची तर ही गणना अंगवळणी पडणे भागच होते. आमच्या शेताचे मूळ कागदही त्याच सालांचे आहेत. आता घरात हा हिशेब तोंडी करणारे कोणी उरलेले नाही, आणि बांधाचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.