मी लंडन मॅरेथॉन का पळतेय

एप्रिलमध्ये लंडन मॅरेथॉन पळणार असं फोनवर सांगितलं, तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "बक्षीस किती?" बक्षीस नाही, उलट मीच लोकांकडून पैसे गोळा करून एका संस्थेला द्यायचेत म्हटल्यावर ते म्हणाले, "मग सरळ पैसे देऊन मोकळी हो ना! त्यासाठी बेचाळीस किलोमीटर कशाला पळायचं?" प्रश्न रास्त आहे.

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याचे मामा वारले. उभं आयुष्य लंडनच्या हॅरो भागात गेलेलं. कॅन्सर पसरल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला, आता हॉस्पिटल नको, घरीच राहू द्या. मामी रात्रंदिवस उशाशी. आम्ही आळीपाळीने जायचो, पण कूस कशी बदलायची, श्वास घरघरायला लागला तर काय करायचं, हे आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. मग शेवटच्या आजारात माणसाची घरी येऊन काळजी घेणाऱ्या 'मेरी क्युरी' संस्थेची नर्स रात्री यायला लागली. पहिल्या रात्री तिने कोट काढला, हात धुतले, मामांना नावाने हाक मारून आपण कोण ते सांगितलं. ते डोळेही उघडत नव्हते, तरी सांगितलं. स्पंज लावलेली छोटी काडी पाण्यात बुडवून त्यांचे सुकलेले ओठ ओले केले. मग मामींकडे वळून म्हणाली, "आता तुम्ही झोपा. तशी वेळ आली तर मी उठवेन." कित्येक दिवसांनी मामी सकाळपर्यंत झोपल्या. पुढे तशी वेळ आली तेव्हा तिने खरंच उठवलं, आणि मामा गेले तेव्हा त्यांचा हात मामींच्या हातात होता.

या सेवेसाठी घरच्यांकडून एक पैसा घेत नाहीत. १९४८ साली सुरू झालेल्या या संस्थेचा बराचसा खर्च लोकांच्या देणग्यांवरच चालतो. मी पळतेय ती याच संस्थेसाठी.

१९८१पासून होणाऱ्या या मॅरेथॉनमध्ये जागा मिळणं महाकठीण. २०२६साठी सोडतीत ११ लाखांहून अधिक अर्ज आले होते. दुसरी वाट धर्मादाय संस्थांची. त्या आयोजकांकडून जागा विकत घेतात आणि धावणाऱ्याला देतात. त्याने साधारण २,००० पाउंड किंवा जास्त जमवून द्यायचे. देणारा इथे ब्रिटनमध्ये कर भरत असेल तर त्याच्या प्रत्येक पाउंडामागे सरकार आणखी २५ पेन्स घालतं. २०२५ साली ५६ हजारांहून अधिक लोकांनी शर्यत पूर्ण केली आणि ८ कोटी ७० लाख पाउंडांहून जास्त रक्कम उभी राहिली. मुंबई मॅरेथॉनमध्येही संस्थांसाठी पळणारे खूप असतात, तेव्हा तुमच्याही ओळखीत कुणी सापडेल.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. पैसे मी देऊ शकले असते, दिलेही. पण ते एकटीचे झाले असते आणि गप्पपणे दिले गेले असते. पळतेय म्हटल्यावर लोक "का?" विचारतात आणि मला मामांबद्दल सांगता येतं. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी, कामापलीकडे फारसं न बोलणारा, त्याने पैसे भरले आणि मग जेवणाच्या सुट्टीत आपल्या आईचे शेवटचे दिवस सांगितले. आपल्याकडे तर हा विषय काढला की "अशुभ बोलू नकोस" म्हणून तोंड बंद करतात. घरात माणूस जातोय आणि कुणाला काही विचारायची सोय नाही, हे मला फार चुकीचं वाटतं.

सराव कष्टाचा आहे, खोटं कशाला सांगू. डिसेंबर-जानेवारीत दुपारी चारलाच अंधारतं. रविवारी लांबची धाव अल्पर्टनच्या कालव्याकाठी. पायवाटेवर चिखल, थंडी कडक असली की त्याचाच बर्फ. पंचवीस किलोमीटरनंतर मांड्या भरून येतात. तिथे मला रात्रभर खुर्चीत जागी बसलेली ती नर्स आठवते आणि पुढचा पूल येईपर्यंत थांबत नाही.

शर्यत ग्रिनिचजवळून सुरू होते, टॉवर ब्रिज ओलांडून कॅनरी वॉर्फला वळसा घालते आणि बकिंगहॅम पॅलेससमोरून पुढे 'द मॉल'वर संपते. टॉवर ब्रिजवर गर्दी मावत नाही, म्हणून मामी कॅनरी वॉर्फला उभ्या राहणार आहेत. धावणारे तिथेच ढेपाळतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. लक्ष्याला अजून साडेसातशे पाउंड कमी आहेत. त्यासाठी महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणींशी मीच बोलते, असं मामींनी परवा आपणहून सांगितलं.