तिळातलं व्हिटॅमिन ई चार्टमध्ये का दिसत नाही

कुठलाही न्यूट्रिशन चार्ट काढा, बदाम आणि सूर्यफुलाच्या बिया व्हिटॅमिन ई मध्ये सगळ्यात वर आणि आपले तीळ पार तळाला. आकडा खोटा नाहीये, पण त्यावरून तीळ कमी दर्जाचे ठरवले जातात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण चार्टमध्ये व्हिटॅमिन ई चा फक्त अल्फा-टोकोफेरॉल हा प्रकार मोजतात आणि तिळात असतं ते जवळजवळ सगळं गॅमा-टोकोफेरॉल, म्हणजे त्याचाच दुसरा प्रकार. आपल्या लिव्हरमध्ये अल्फाला धरून परत रक्तात पाठवणारं एक खास प्रोटीन आहे, गॅमाला ते फारसं विचारत नाही, मग गॅमा तिथल्या तिथे तुटतं आणि लघवीवाटे निघून जातं.

आता खरी मजा पुढे आहे. 1992 साली जपानमध्ये यामाशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केला. नुसतं गॅमा दिलेल्या उंदरांमध्ये ई कमी पडल्याची लक्षणं दिसली, रक्तातल्या लाल पेशी फुटायला लागल्या वगैरे, पण तीळ खाऊ घातलेले उंदीर मात्र अल्फा दिलेल्या उंदरांसारखेच ठणठणीत, आणि त्यांच्या रक्तात लिव्हरमध्ये गॅमा भरपूर टिकलेलं. म्हणजे तिळात व्हिटॅमिनशिवाय अजून काहीतरी होतं जे त्याला जाऊ देत नव्हतं.

ते म्हणजे लिग्नान, वनस्पतींत असणारी एक प्रकारची संयुगं, तिळात मुख्य म्हणजे सेसामिन. टोकोफेरॉल तोडायची सुरुवात लिव्हरमधलं एक एन्झाइम करतं, सीवायपी4एफ2 असं त्याचं नाव, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात 2002 मध्ये हे नीट दाखवलं गेलं, आणि सेसामिन नेमकं त्याच एन्झाइमला अडवतं. घरातला राखणदारच म्हणा ना. माणसांवरही बघितलंय, हवाईमधल्या एका छोट्या अभ्यासात लोकांना तीळ घातलेले मफिन दिले तर तीन दिवसांत रक्तातलं गॅमा वाढलं, पण तेवढंच गॅमा अक्रोडातून किंवा सोयाबीन तेलातून दिलं तर काहीच फरक नाही! मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, व्हिटॅमिन तेच, मात्राही तेवढीच, फक्त सोबत कोण आहे त्यावर सगळं ठरतं.

हेच एन्झाइम व्हिटॅमिन के पण तोडतं, आणि तीळ खाल्लेल्या उंदरांमध्ये के सुद्धा वाढलेलं आढळलंय. के रक्त गोठायला मदत करतं, त्यामुळे घरात कोणी वॉरफॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी, घेत असेल तर रोज तिळाचा मोठा डोस सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचाराच, संक्रांतीच्या दोन लाडवांबद्दल नाही बोलत मी.

भाजल्याने हे सगळं जातं का, असं बऱ्याच जणी विचारतात. सेसामिन बऱ्यापैकी टिकतं, आणि सेसामोलिन नावाच्या दुसऱ्या लिग्नानमधून उष्णतेने सेसामोल तयार होतं जे तेलाला खवट होऊ देत नाही. मी जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजते, तीळ तडतडायला लागले आणि एखादा कढईबाहेर उडाला की लगेच ताटात काढायचे, कढईत तसेच ठेवले तर बंद गॅसवरही करपतात आणि चटणी कडू होते. मग थोडं जाडसर कूट करायचं, अख्खे तीळ बरेचसे न चावताच पोटात जातात.

जवसाचं मात्र उलटं. त्यात लिनाटिन नावाचा पदार्थ असतो, 1967 मध्ये नॉर्थ डकोटात तो वेगळा काढला गेला. जवसाच्या पेंडीवर वाढवलेली कोंबडीची पिल्लं खुरटायची आणि व्हिटॅमिन बी6 दिलं की सुधारायची, त्याचं कारण हे, लिनाटिनमधून सुटणारा भाग बी6 ला जाऊन चिकटतो आणि ते निकामी करतो. टीबीच्या आयसोनियाझिड गोळीबरोबर बी6 ची गोळी देतात ना, तिथेही रसायनशास्त्र साधारण असंच आहे.

पण पिल्लांच्या खाण्यात पेंडच पेंड होती, आपण भाकरीवर चमचाभर चटणी घेतो, आणि आहारातल्या प्रमाणात जवस खाणाऱ्या माणसांमध्ये बी6 कमी पडल्याचं दिसलेलं नाही. म्हणून आमच्याकडे लसूण आणि सुकी मिरची घालून जवसाची चटणी नेहमी असते, फक्त वजन कमी करायला म्हणून वाटीवाटीने जवसाची पावडर पिण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, विशेषतः हरभरा, बटाटा, केळं असं बी6 देणारं सगळं बंद करून कोणी ते करत असेल तर.