ओव्हनला ॲप कशाला, मला गोल फिरणारं बटण द्या

स्वयंपाकघरातल्या यंत्रांबद्दल माझं एक मत आहे आणि ते दिवसेंदिवस घट्टच होत चाललंय. ज्या वस्तूला पिठाच्या नाहीतर तेलाच्या हाताने हात लावायचाय तिला टचस्क्रीन नको. बास. आत काय वाटेल ते इलेक्ट्रॉनिक्स भरा, पण बाहेर मला फिरवता येईल असं गोल बटण द्या, जे न बघता पण कळतं की किती फिरवलंय.

हे काही जुनंच बरं होतं वगैरे रडगाणं नाहीये, यामागे साधं विज्ञान आहे. टच पॅनेलच्या काचेखाली बारीक विद्युत क्षेत्र असतं, आपलं बोट वीज वाहून नेतं त्यामुळे ते जवळ आलं की तिथली कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते आणि यंत्राला कळतं की इथे दाबलंय. आता गंमत अशी की नळाचं पाणी पण वीज वाहून नेतं, मिठाचं तर फारच, त्यामुळे काचेवर थेंब पडले की ते थेंबालाच बोट समजतं किंवा मग खरं बोट कुठलं हेच त्याला कळेनासं होतं. आणि जाड हातमोजा घालून गरम ट्रे काढायला गेलात तर तुम्ही त्याच्या लेखी तिथे नाहीच. म्हणजे हात ओला असताना चालत नाही, हातमोजा असताना चालत नाही, मग स्वयंपाक करताना चालणार कधी? इंडक्शनवर दूध उतू जाऊन पॅनेलवर आलं की बऱ्याच शेगड्या बीप बीप करून बंद पडतात, सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे म्हणा, पण मग गरम दूध पुसून काच कोरडी केल्याशिवाय ती पुन्हा चालू व्हायला तयार नसते.

इंडक्शन मला आवडतं हां, गैरसमज नको. आतल्या कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने भांड्याचा तळच तापतो, काच तापते ती भांड्यामुळे, आणि सपाट काच पुसायला सोपी म्हणून कंपन्या बटणं काढून टाकतात हे पण समजतं. बटणाच्या खाचेत चिकट मळ साचतो, मान्य. पण बटण ओढून काढता आलं तर धुता येतं की!

मायक्रोवेव्हचं तर विचारूच नका. पर्सी स्पेन्सर नावाचा इंजिनिअर रडारच्या मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या नळीवर, काम करायचा, त्यातून १९४५ मध्ये ही कल्पना निघाली आणि १९४७ मध्ये रेडारेंज नावाचं पहिलं यंत्र विकायला आलं, माणसाएवढं उंच आणि सुमारे ३४० किलोचं. आज ते ओट्यावर मावतं आणि त्याच्यावर पंचवीस बटणं असतात, पण घरोघर वापरतात एकच, अर्धा मिनिट वाढवायचं. पॉपकॉर्नचं वेगळं बटण असतं आणि पॉपकॉर्नच्या कित्येक पाकिटांवर लिहिलेलं असतं की ते बटण वापरू नका, आता बोला. खरी कामाची गोष्ट म्हणजे पॉवर कमी करणं, ती मात्र मेनूत कुठेतरी लपलेली. साध्या मायक्रोवेव्हमध्ये ५० टक्के म्हणजे लहरी अर्ध्या जोराच्या होत नाहीत, तो पूर्ण जोरात चालतो, थांबतो, परत चालतो, कान देऊन ऐका, गुणगुण बदलते (इन्व्हर्टरवाले खरंच जोर कमी करतात). मधल्या थांबण्यात उष्णता आतपर्यंत पसरते, कारण लहरी स्वतः अन्नात दोन-चार सेंटीमीटरच शिरतात. भात कडेला चटका देणारा आणि मधे गार, असं होत असेल तर पॉवर कमी करून वेळ वाढवा. म्हणजे बटणं हवीत दोन, एक वेळेचं, एक पॉवरचं.

त्यात आता ह्याला वायफाय पण पाहिजे. मायक्रोवेव्ह चालतो २.४५ गिगाहर्ट्झवर आणि ब्लूटूथ नि जुनं वायफाय पण त्याच पट्ट्यात, म्हणून तर शेजारी उभं राहिलं की इअरफोनमधलं गाणं कधीकधी तुटतं. आणि ॲपवरून करायचं काय, तर लांबून चालू करायचं, पण आत भांडं कोण ठेवणार? शिवाय चांगला ओव्हन पंधरा वर्षं आरामात जातो, ॲप तेवढं चालेल याची खात्री कोणी देत नाही.

आवाजाने टायमर लावणं मात्र मला पटतं, हात भरलेले असताना खरंच सोय होते, चिमणीचा पंखा फुल असेल तर ओरडावं लागतं ते सोडा. एकावेळी दोन टायमर लागतात हे स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही माहीत असतं, अंडी वेगळी बटाटे वेगळे, पण आयफोन आला २००७ ला आणि त्याच्या घड्याळात एकापेक्षा जास्त टायमर आले २०२३ ला, आयओएस १७ मध्ये. सोळा वर्षं!

मला विचाराल तर सगळ्यात भारी गॅजेट डिजिटल वजनकाटा. कप आणि चमचे म्हणजे नुसता गोंधळ, अमेरिकन कप २४० मिलीच्या आसपास, मेट्रिक कप २५०, ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा २० मिली आणि इतर बहुतेक ठिकाणी १५, आणि कपभर मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम, दाबून भरला तर १५० पण होतो. त्यापेक्षा भांडं काट्यावर ठेवा, शून्य करा, ओता, परत शून्य करा, पुढचं ओता. धुवायला भांडी पण कमी. माझी तक्रार एकच, बॅटरी वाचवायला तो मधेच झोपतो, आपण साखर शोधत असतो आणि परत येतो तर आकडा गायब. म्हणून मी नेहमीच्या भांड्यांच्या तळाशी त्यांचं रिकामं वजन पर्मनंट मार्करने लिहून ठेवलंय, काटा बंद पडला तरी परत ठेवायचं आणि वजा करायचं. घासून घासून पुसट झालं की परत गिरवायचं.