सॅन फ्रान्सिस्कोची एफ मार्गावरील ट्राम: आजी-आजोबा आणि नातवंडांसह एक सकाळ

सॅन फ्रान्सिस्कोला सहकुटुंब जाणाऱ्यांच्या यादीत केबल कार पहिली असते आणि एफ मार्गावरची जुनी ट्राम बहुधा नसतेच. आमच्यासोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि प्राथमिक शाळेत शिकणारी मुलगी होती, म्हणून आम्ही हा क्रम बदलला आणि अर्धा दिवस ट्रामसाठी राखून ठेवला. केबल कारचे महत्त्व मला कमी लेखायचे नाही. १८७३ साली सुरू झालेली, रस्त्याखालून ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने सरकणारा दोर पकडून चढ चढणारी ती व्यवस्था जगात दुर्मीळ आहे. पण पॉवेल मार्गावरच्या रांगेत ताटकळणे, उंच पायरी, तीव्र उतार आणि जागा न मिळाल्यास दांडा धरून उभे राहणे हे गुडघे दुखणाऱ्या माणसाला झेपणारे नाही. शिवाय केबल कारचे एकेरी तिकीट ट्रामच्या जवळजवळ तिप्पट पडते. ट्रामला म्युनीच्या, म्हणजे शहराच्या सार्वजनिक वाहतूक सेवेच्या, साध्या बसचेच तिकीट चालते.

एफ मार्ग कॅस्ट्रो वस्तीपासून निघतो, मार्केट स्ट्रीटने सरळ फेरी बिल्डिंगपर्यंत येतो, तेथे उत्तरेकडे वळून एम्बार्काडेरो या किनाऱ्यालगतच्या रस्त्याने खाडीच्या कडेकडेने जातो आणि फिशरमन्स व्हार्फजवळ जोन्स व बीच या रस्त्यांच्या चौकात संपतो. हे अंतर साधारण १० किलोमीटर असून संपूर्ण प्रवासाला, वाहतूक पाहता, तासभर हाताशी ठेवावा. बहुतेक पर्यटक व्हार्फवरून किंवा फेरी बिल्डिंगपासून चढतात आणि दुपारी या भागात गाड्या खच्चून भरलेल्या असतात. म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा, की सकाळीच कॅस्ट्रोच्या टोकाला जावे आणि तेथून समुद्राच्या दिशेने निघावे. मार्केट स्ट्रीटखालून धावणाऱ्या म्युनी मेट्रोने कॅस्ट्रो स्थानक गाठता येते आणि ट्रामचा पहिला थांबा तेथून अगदी जवळ आहे. तेथे गाडी रिकामी मिळते आणि सर्वांना एकत्र बसता येते. बसताना प्रवासाच्या दिशेने उजवी बाजू धरावी, कारण फेरी बिल्डिंगनंतर खाडी त्याच बाजूला येते.

आमच्या वाट्याला आलेली गाडी पीसीसी प्रकारची होती. मोटारगाडीकडे वळणारे प्रवासी टिकवून धरण्यासाठी अमेरिकेतील ट्राम कंपन्यांच्या अध्यक्षांनी समिती (प्रेसिडेंट्स कॉन्फरन्स कमिटी, म्हणजेच पीसीसी) नेमून १९३०च्या दशकात ही रचना तयार करवून घेतली. गोलसर नाक, मोठ्या खिडक्या आणि धक्के न देता वेग घेण्याची तिची रीत त्याच स्पर्धेतून आली. चालक हाताने मूठ फिरवत नाही, तर मोटारीप्रमाणे पायातल्या पट्ट्यांनी वेग वाढवतो आणि ब्रेक लावतो. मुलगी चालकाच्या मागच्या आसनावर बसून हे सर्व न्याहाळत होती, त्यामुळे मुले सोबत असतील तर पुढची आसने मिळवण्याचा प्रयत्न अवश्य करावा. या ताफ्यातील अनेक गाड्या १९४०च्या दशकात फिलाडेल्फियासाठी सेंट लुईस येथे बांधल्या गेल्या होत्या. सॅन फ्रान्सिस्कोने त्या विकत घेऊन दुरुस्त केल्या आणि एकेकीला शिकागो, बोस्टन, सिनसिनाटी, लॉस एंजेलिस अशा एकेका शहराच्या जुन्या ट्रामचा रंग दिला. आपण बसलेल्या गाडीचा रंग कोणत्या शहराचा आणि तेथे ट्रामचे पुढे काय झाले, याची माहिती आत लावलेल्या फलकावर वाचता येते. बाबांनी ती अक्षरन् अक्षर वाचली. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, तेव्हा ते शाळकरी होते. एका शहराने मोडीत काढलेली गाडी दुसऱ्या शहरात दररोज कामावर जाणाऱ्यांना घेऊन धावते आहे, याचे त्यांना फार समाधान वाटले.

मला स्वतःला अधिक भावली ती मिलानची गाडी, जी आम्ही फेरी बिल्डिंगजवळ उतरल्यानंतर पुढच्या टप्प्यासाठी मुद्दाम थांबून पकडली. १९२८ साली बांधलेल्या या गाडीत दोन्ही बाजूंना लांबच लांब लाकडी बाके आहेत आणि इटालियन भाषेतील सूचना अजून जागच्या जागी आहेत. गंमत अशी, की हिचा मूळ आराखडा क्लीव्हलँड शहराच्या पीटर विट यांचा, म्हणजे अमेरिकेतलाच, आणि याच पिढीच्या गाड्या मिलानमध्ये आजही नियमित सेवेत आहेत. ती पीसीसीइतकी आरामशीर नाही. लाकडावर घसरायला होते, हवेच्या ब्रेकचा सुस्कारा आणि चाकांचा खडखडाट कानावर येतो. ज्येष्ठांना दीर्घ अंतरासाठी पीसीसी आणि छोट्या टप्प्यासाठी मिलानची गाडी ही वाटणी आम्हाला योग्य ठरली. कोणती गाडी कोठे आहे हे दाखवणारा थेट नकाशा इंटरनेटवर पाहता येतो, त्यामुळे निष्कारण ताटकळावे लागत नाही. इंग्लंडमधील ब्लॅकपूलहून आलेल्या, १९३४ सालच्या, होडीच्या आकाराच्या उघड्या ट्रामही या ताफ्यात आहेत, परंतु त्या मोजक्याच दिवशी आणि हवा चांगली असतानाच काढल्या जातात. मुलांना त्यांचे आश्वासन आधी देऊ नये.

मधला मुक्काम फेरी बिल्डिंगपाशीच करावा, असे मी का म्हणतो तेही सांगतो. ट्राममध्ये स्वच्छतागृह नसते आणि १८९८ सालच्या या इमारतीत ती सोय आहे. समोरच स्टुअर्ट मार्गावर सॅन फ्रान्सिस्को रेल्वे म्युझियम आहे. ते लहानसे आहे, प्रवेश विनामूल्य आहे, आणि जुन्या ट्रामच्या चालकाची जागा तेथे पूर्ण आकारात उभारलेली असल्यामुळे मुले तेथून हलत नाहीत. आठवड्यातील काही दिवस ते बंद असते, तेव्हा वेळापत्रक पाहूनच दिवस ठरवावा.

पुढचा एम्बार्काडेरोचा टप्पा हा या प्रवासाचा सर्वांत सुंदर भाग आहे आणि तो योगायोगाने घडलेला आहे. १९८२ मध्ये केबल कार पुनर्बांधणीसाठी बंद पडल्या. त्याच सुमारास मार्केट स्ट्रीटवरील नेहमीच्या ट्राम भुयारात गेल्याने वरचे रूळ मोकळे झाले होते. पर्यटकांसाठी काहीतरी हवे म्हणून १९८३च्या उन्हाळ्यात त्या रुळांवर जुन्या ट्रामचा महोत्सव भरवला गेला. लोकांनी तो इतका उचलून धरला, की अखेर १ सप्टेंबर १९९५ रोजी एफ मार्ग कायमस्वरूपी सुरू झाला. दरम्यान १९८९च्या भूकंपात खाडीकाठचा उंच महामार्ग खिळखिळा झाला, तो पाडला गेला, आणि मोकळ्या झालेल्या किनाऱ्यावरून २००० साली ट्राम व्हार्फपर्यंत पोहोचली. खिडकीतून आज जे पाणी दिसते, ते पूर्वी काँक्रीटच्या दुमजली रस्त्याआड होते. आईला हे सांगितल्यावर तिने उरलेला सगळा वेळ खिडकीबाहेरच पाहिले.

पियर ३९ जवळ उतरल्यास समुद्रसिंह पाहता येतात. मुलांसाठी ही जागा उत्तम आहे, फक्त गर्दीत हात सोडू नये. व्हार्फचा बाकीचा परिसर मला फारसा आवडला नाही; दुकानेच जास्त आहेत.

तिकिटाविषयी नेमके सांगायचे तर प्रौढांचे एकेरी भाडे साधारण ३ डॉलर असून ते २ तास चालते, म्हणजे मध्ये उतरून पुन्हा चढता येते. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना ट्राममध्ये भाडे नाही, मात्र केबल कारला ही सवलत लागू नाही. ६५ वर्षांवरील प्रवाशांना साधारण निम्मे भाडे पडते. वयाचा पुरावा जवळ ठेवावा. क्लिपर हे प्रवासाचे कार्ड किंवा तिकिटाचे म्युनीमोबाइल ॲप आधीच घेऊन ठेवणे सोयीचे, कारण रोख पैसे दिल्यास सुटे परत मिळत नाहीत.

चढ-उतार हीच ज्येष्ठांची खरी अडचण आहे. या गाड्यांच्या पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत. आईला आम्ही पुढून एकाने हात देऊन आणि मागून एकाने आधार देऊन चढवले आणि चालक शांतपणे थांबला. चाकाच्या खुर्चीसाठी ठरावीक थांब्यांवर उंच चौथरे आहेत, सर्वच थांब्यांवर नाहीत, म्हणून आपल्याला लागणारे थांबे अगोदर नकाशावर शोधावेत. लहान मुलाची ढकलगाडी घडी होणारीच न्यावी. मार्केट स्ट्रीटवरचे काही थांबे रस्त्याच्या मधोमध बेटासारखे आहेत आणि दोन्ही बाजूंनी वाहने व सायकली जातात, तेव्हा गाडी दिसताच धावत सुटणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवावे. जुलै महिन्यातही खाडीवरचा वारा बोचरा असतो. आई-बाबांसाठी स्वेटर आणि कानटोपी बरोबर घेतल्याचा आम्हाला पुष्कळ उपयोग झाला.

परतीसाठी व्हार्फच्या मधल्या थांब्यांवर उभे राहण्याऐवजी जोन्स आणि बीचच्या चौकातील शेवटच्या थांब्यापर्यंत थोडे चालून जावे. तेथे बसायला जागा मिळते, पियर ३९ला पोहोचेपर्यंत तीच गाडी भरून गेलेली असते.