खळ्यावरचे वाचनालय

रविवार, रात्र.

बरेच दिवस मनात असलेले ते छोट्या गावातले सार्वजनिक वाचनालय आज पाहून आलो. जुन्या धान्यकोठाराची दुरुस्ती करून ते थाटले आहे, एवढेच ऐकून होतो. आत गेल्यावर पहिली काही मिनिटे एकाही पुस्तकाकडे लक्ष गेले नाही, कारण नजर सरळ वर, उघड्या छताकडे आणि एकमेकींत गुंतलेल्या तुळयांकडे गेली.

तो सांगाडा पूर्णपणे लाकडी आहे आणि त्याच्या मुख्य सांध्यांत एकही खिळा नाही. एका लाकडात खाच, दुसऱ्याचे टोक तासून तीत बसवलेले आणि दोहोंच्या आरपार लाकडी खुंटी. खुंटीची भोके मुद्दाम किंचित पुढेमागे पाडलेली असतात, त्यामुळे ती ठोकली की सांधा आपोआप आवळला जातो. ग्रंथपाल बाईंनी एका खांबावर पटाशीने कोरलेले रोमन आकडे दाखवले. सुतार आधी सगळी लाकडे जमिनीवर जुळवून पाहत, कोणते कुठे बसते त्याच्या खुणा करत, मग ती सुटी करून कोठार उभारत. दुरुस्तीसाठी सांगाडा उतरवला तेव्हा याच खुणांनी प्रत्येक लाकडाला त्याची जागा परत मिळवून दिली, असे त्या म्हणाल्या. समोरच्या पुस्तकांच्या पाठीवर १८७६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ड्यूई दशांश पद्धतीचे, म्हणजे विषयानुसार पुस्तकाची जागा सांगणारे, अंक होते. खांबावरचा आकडा आणि पुस्तकावरचा अंक एकाच कामासाठी आहेत, हे जाणवल्यावर मी त्या खांबापाशी बराच वेळ थांबलो.

कोठाराला समोरासमोर दोन मोठी दारे आहेत. त्यांच्यामधल्या जागेत पूर्वी मळणी होत असे आणि दोन्ही दारे उघडली की आरपार वाहणाऱ्या वाऱ्यात उफणणी करता येई. म्हणजे ते छपराखालचे खळेच होते. आता दारांच्या जागी उंच काचा आहेत आणि ती जागा मोकळी ठेवून तिथे फक्त एक लांब मेज मांडले आहे. इथे आणखी दहा कपाटे सहज मावली असती. ती न ठेवण्याचा निर्णय मला या साऱ्या कामातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्या मोकळेपणातच या वास्तूचे मूळ रूप ओळखू येते.

पण खरी अडचण वेगळीच होती. वैरण थोडी जरी ओलसर राहिली तरी ती आतून तापते आणि प्रसंगी आपोआप पेट घेते, म्हणून कोठाराच्या भिंतींना फटी असाव्या लागत, वारा खेळता राहावा लागे. पुस्तकांना नेमके उलटे हवे असते: हवेतील आर्द्रता शक्यतो स्थिर राहावी, बुरशी धरू नये, थेट ऊन लागून कागद पिवळा पडू नये. म्हणून उष्णतारोधक थर सांगाड्याच्या बाहेरून चढवला आहे आणि त्यावर पुन्हा जुन्या पद्धतीच्या फळ्या ठोकल्या आहेत. त्यामुळे आतली तुळई न् तुळई उघडी दिसते आणि तरीही बाहेरचा दमटपणा आत फारसा शिरत नाही.

वजनाचाही विचार केलेला दिसला. पुस्तकांची कपाटे दाटीने मांडायची असतील तर जमीन दर चौरस मीटरला सुमारे ७०० किलोग्रॅम भार पेलणारी धरतात. घरातल्या खोलीसाठी सुमारे २०० पुरतात. म्हणून जड संदर्भग्रंथ खालीच ठेवले आहेत आणि वैरणीच्या माळ्यावर केवळ मुलांची पुस्तके व बसायच्या गाद्या आहेत.

एक गोष्ट मात्र खटकली. माळ्यावर जायला फक्त अरुंद जिना आहे. गुडघे दुखणारी आजी नातवाला वर पाठवून खालीच थांबली होती, आणि चाकाच्या खुर्चीवरचे मूल तर तिथे पोहोचणारच नाही. सार्वजनिक वाचनालयात वयाचा वा शारीरिक अडचणीचा अडसर नसावा, हे युनेस्कोच्या १९९४ च्या जाहीरनाम्यातही स्पष्ट म्हटले आहे. हे मी अभिप्रायवहीत लिहून आलो. निदान मुलांच्या पुस्तकांचे एक कपाट तरी तातडीने खाली आणावे, असेही सुचवले.

निघण्यापूर्वी सभासद झालो आणि लाकडी बांधकामावरचे एक पुस्तक घेतले. ते परत करायला जाईन तेव्हा सकाळी लवकर जायचे आहे. पूर्वेकडच्या काचेतून येणारे ऊन त्या वेळी थेट खळ्याच्या फरशीवर पडते, असे बाई सांगत होत्या.